मेसेजिंग ॲपवर ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ ही सूचना वारंवार येत असल्यास काय तपासावे

आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे नदीपात्रात चालतो. खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि त्या संध्याकाळचा सराव ऐन वेळी दुसरीकडे हलवावा लागतो. हा निरोप सगळ्या वादकांपर्यंत अर्ध्या तासात पोहोचला पाहिजे. नाहीतर कोणी हडपसरहून, कोणी चिंचवडहून कामावरून थेट निघून येतो आणि बंद रस्त्यावरून तसाच परत जातो. पथकाचे निरोप आम्ही एक्सएमपीपी या खुल्या प्रमाणावर चालणाऱ्या ॲपमधून पाठवतो. त्याचा सर्व्हर आम्ही भाड्याने घेतला आहे आणि त्याची देखभाल गेली पाच वर्षे माझ्याकडे आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ ही सूचना फोनवर सारखी का येते, आणि ती कायमची कशी घालवायची?

घालवण्याचा मार्ग फार सोपा आहे आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक ॲपच्या सूचनांचे प्रकार वेगवेगळे बंद करता येतात. त्रास देणारी सूचना बोटाने दाबून धरली की तो प्रकार बंद करण्याचा पर्याय समोर येतो. आमच्या एका ताशावादकाने नेमके हेच केले. फोन शांत झाला, जोडणी मात्र तुटलेलीच राहिली, आणि ‘हल्ली ग्रुपवर कोणी काही बोलतच नाही का?’ असे त्याने मला विचारले तोवर अकरा दिवस उलटले होते. त्या अकरा दिवसांत सरावाची जागा दोनदा बदलली होती. म्हणून कारण सापडेपर्यंत ती सूचना चालूच ठेवावी, कारण बिघाड केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो हे दाखवणारे दुसरे काहीही आपल्या हाताशी नसते.

सर्वप्रथम ती सूचना शांतपणे वाचून पाहावी. पडद्यामागे सतत चालू राहणाऱ्या ॲपने आपण चालू आहोत हे सूचनापट्टीत दाखवलेच पाहिजे, असा अँड्रॉइडचा नियम आहे. गूगलच्या पुश सेवेवर (नवा निरोप आला की झोपलेल्या ॲपला जागे करणारी सेवा) न विसंबता स्वतःची जोडणी धरून ठेवणाऱ्या ॲपला त्यामुळे एक कायमस्वरूपी सूचना दाखवावी लागते आणि तिच्यात बहुधा ‘खाते जोडलेले आहे’ अशा अर्थाचा मजकूर असतो. ती सूचना बिघाडाची नसते. अँड्रॉइड १३ पासून ती बाजूला सरकवताही येते आणि तसे केल्याने निरोप थांबत नाहीत. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मजकूर वाचल्याबरोबर इथेच मिटल्या आहेत.

मजकूर खरोखरच बिघाडाचा असेल तर सूचना सरकवून न टाकता तिच्यावर टिचकी मारावी. ॲपमधील खात्यांची यादी उघडते आणि कोणत्या खात्यासमोर चूक दाखवली आहे ते कळते. काही जणांनी शिकण्यासाठी म्हणून पूर्वी कुठल्यातरी मोफत सर्व्हरवर खाते उघडलेले असते. तो सर्व्हर पुढे बंद पडतो, पण फोनमधले खाते तसेच राहते आणि ॲप त्या नसलेल्या दारावर रात्रंदिवस थाप मारत राहते. पथकाचे खाते व्यवस्थित चालू असते, निरोपही येत असतात, तरी सूचना काही केल्या जात नाही. असे असेल तर ते जुने खाते निष्क्रिय करावे, आणि त्यातल्या जुन्या गप्पा नको असतील तर काढून टाकावे.

यानेही उलगडा झाला नाही, तर तीन दिवस एका कागदावर नोंद ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती असते. सूचना किती वाजता आली, किती वाजता गेली, त्या वेळी आपण कुठे होतो, फोन वाय-फायवर होता की मोबाईल डेटावर, आणि पथकातील दुसऱ्या कोणाला त्याच वेळी तोच त्रास होता का, एवढेच लिहायचे. आमच्या ध्वजपथकातील एका ताईने आणलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर ‘सोम. ९.४० ते ६.१५, मंगळ. ९.३५ ते ६.२०, बुध. ९.४५ ते ६.१०’ एवढेच होते आणि खाली ‘शनिवारी एकदाही नाही’ असे लिहून त्याला अधोरेखा दिलेली होती. ताई हिंजवडीला नोकरी करते. तिच्या फोनला हात न लावताच कारण समजले: कार्यालयाच्या वाय-फायवर बाहेर जाणारी बहुतेक पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या सेवांसाठीची क्रमांक दिलेली दारे, बंद होती. एक्सएमपीपीची नेहमीची पोर्ट ५२२२ आहे, तर वेबसाइटसाठी लागणारी ४४३ जवळजवळ सगळीकडे उघडी असते. मी सर्व्हर ४४३ वरही ऐकेल अशी व्यवस्था केली आणि तिचा त्रास थांबला. ज्यांच्या हाती सर्व्हर नाही त्यांनी कार्यालयात मोबाईल डेटा वापरावा किंवा तिथल्या तंत्रविभागाला विनंती करावी. गूगलच्या पुश सेवेला ५२२८ ते ५२३० आणि ॲपलच्या सेवेला ५२२३ ही पोर्ट लागते, हे विनंतीत लिहिले की काम लवकर होते.

सूचना रात्री किंवा दुपारच्या झोपेच्या वेळी येत असेल आणि फोन हातात घेतल्यावर थोड्या वेळाने जात असेल, तर बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेकडे पाहावे. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, डोझ नावाची सोय आली. फोन चार्जरला लावलेला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन बराच वेळ जागचा हलला नसेल तर ॲप्सचे नेट थांबवले जाते आणि मधूनमधून थोड्या वेळापुरतेच उघडले जाते. हे दार उघडण्यातले अंतर रात्र वाढेल तसे वाढत जाते. याची खात्री करण्याचा उपाय अगदी साधा आहे: एक रात्र फोन चार्जरला लावून ठेवावा आणि दुसरी रात्र न लावता उशाशी ठेवावा. चार्जरवर असताना सूचना आली नाही आणि नसताना आली, तर कारण सापडले असे समजावे. मग सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीच्या वापरावर बंधन नसलेला पर्याय निवडावा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याखेरीज कंपनीची स्वतःची एक वेगळी बंदी असते. तिथे ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि फोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर ती पुन्हा तपासावी लागते. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातूनही हे ॲप वगळावे. आयफोनमध्ये ॲपला पडद्यामागे स्वतःची जोडणी धरून ठेवूच दिली जात नाही, निरोपाची वर्दी ॲपलच्या सेवेमार्फत येते. त्यामुळे हा सगळा खटाटोप आयफोनवाल्यांना करावा लागत नाही.

आता घरच्या वाय-फायवर होणाऱ्या त्रासाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याची उकल व्हायला मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ लागला. लक्षण असे असते: फोन वाय-फायवर आहे, ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतात, पण अर्धा-पाऊण तास कोणाचा निरोप आला नाही की पुढचा निरोप अडकतो. फोन हातात घेतला की ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ दिसते, पाच-दहा सेकंदांत ते जाते आणि अडकलेले निरोप एकदम धडाधड येऊन पडतात. घरात पाच फोन असले तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. बाहेरून आलेले उत्तर कोणत्या फोनला द्यायचे याची नोंद राउटर स्वतःजवळ ठेवतो आणि एखाद्या जोडणीवर बराच वेळ काहीच हालचाल दिसली नाही तर ती नोंद पुसून टाकतो. फोनला आणि सर्व्हरला याचा पत्ताही नसतो. दोघेही जोडणी शाबूत आहे असे समजून बसून राहतात आणि कोणीतरी काही पाठवायला गेल्यावरच ती तुटल्याचे उघड होते. अशी नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये, असे इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३८२ या २००८ च्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. पण प्रत्यक्षात अनेक राउटर त्याहून कितीतरी लवकर ती पुसतात. शिवाय आता कित्येक घरांत राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीचाही असाच एक सामाईक टप्पा असतो. राउटरच्या माहितीच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमचे घर त्या सामाईक टप्प्यामागे आहे असे ओळखावे.

नोंद किती वेळाने पुसली जाते हे मोजता येते. एक फोन टेबलावर चार्जरला लावून ठेवावा आणि दुसऱ्याच्या फोनवरून त्याला आधी ५ मिनिटांच्या, मग १०, २० आणि ४० मिनिटांच्या शांततेनंतर एकेक निरोप पाठवावा. वाट पाहण्याच्या काळात त्या फोनला हात लावायचा नाही. ज्या टप्प्यावर निरोप अडकेल त्याच्या आधीच कधीतरी नोंद पुसली जाते. माझ्या घरी १० मिनिटांनंतरचा निरोप लगेच आला आणि २० मिनिटांनंतरचा अडकला. मी सर्व्हरला दर काही मिनिटांनी प्रत्येक फोनला एक रिकामी हाक देण्याची सेटिंग केली, आणि त्या हाकेमुळे नोंद जिवंत राहू लागली. ही हाक फार लवकर लवकर देऊ नये, कारण प्रत्येक हाकेला फोनचा रेडिओ जागा होतो आणि बॅटरी उतरते. ॲपमध्येच अशी सेटिंग असेल तर मोजून आलेल्या वेळेपेक्षा थोडा कमी आकडा तिथे भरावा.

घरातल्याच वाय-फायची दुसरी एक गोष्ट सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कळली. तिथले काका, काकू आणि त्यांची मुलगी, तिघेही पथकाशी जोडलेले. तिघांच्याही फोनवर एकाच वेळी सूचना यायची, दहा मिनिटांनी जायची आणि थोड्या वेळाने पुन्हा यायची. मोबाईल डेटावर गेले की तिघांचेही सुरळीत. राउटर बदलून झाला होता. मी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या तर त्यांच्या घरच्या पत्त्यावरून चुकीच्या पासवर्डने सतत प्रयत्न होत होते. मी फोन केला, ‘काकू, घरात एखादा जुना टॅब आहे का?’ काकू म्हणाल्या, ‘आहे की. यांचा आहे, आता नातू त्याच्यावर गाणी ऐकतो.’ काकांनी पासवर्ड बदलला होता, पण टॅबमध्ये जुनाच राहिला होता. तो टॅब कपाटावरून चुकीचा पासवर्ड पाठवत राही, सर्व्हरवरचा पहारेकरी प्रोग्राम पाच चुका मोजून त्या पत्त्याला दहा मिनिटे बंदी करी आणि घरातले तिन्ही फोन त्याच पत्त्यामागे असल्यामुळे तेही बाहेर राहत. म्हणून एकाच घरातील सर्वांना एकाच वेळी त्रास होत असेल तर आधी घरातली जुनी उपकरणे शोधावीत. पासवर्ड बदलला असेल तर तो प्रत्येक उपकरणावर बदलल्याची खात्री करावी. सर्व्हर चालवणाऱ्याने अशा बंदीच्या नोंदी अधूनमधून वाचाव्यात. एकाच पत्त्यावरून त्याच त्या खात्याचा चुकीचा पासवर्ड दिवसभर येत असेल तर तो बहुधा विसरलेल्या टॅबचा असतो.

गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते तेव्हा येणाऱ्या सूचनेचे कारण वेगळे असते. घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण इमारतीतली केबलवाल्याची पेटी बंद पडलेली असते. फोनला वाय-फाय दिसते, नेट नसते. अशा वेळी फोन ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असे विचारतो, आणि कधीतरी आपण ‘पुन्हा विचारू नका’ वर खूण करून ‘हो’ म्हटलेले असते. मग फोन मोबाईल डेटाकडे वळतच नाही. सेटिंगमधून ते वाय-फाय विसरायला लावून पुन्हा नव्याने जोडले की हा हट्ट सुटतो.

रुग्णालयात, हॉटेलात किंवा स्टेशनवर वाय-फाय जोडल्यावर सूचना आली तर ब्राउझर उघडून लॉगिनचे पान भरावे. फोनमध्ये व्हीपीएन (सगळे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) असेल तर तो बंद करून पाहावा. सेटिंगमधील ‘खाजगी डीएनएस’मध्ये (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) जाहिराती अडवण्यासाठी कोणीतरी एखादे नाव भरून ठेवले असेल आणि ती सेवा बंद पडली असेल तर एकच ॲप नव्हे, सगळेच अडते, तिथे ‘आपोआप’ हा पर्याय निवडावा.

फोनची तारीख आणि वेळ चुकीची असणे हे कारण ऐकायला किरकोळ वाटते, पण ते जोडणी पूर्णपणे थांबवते. सर्व्हरची ओळख पटवणारे एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते. फोनची तारीख त्या मर्यादेबाहेर असली की फोन सर्व्हरवर विश्वास ठेवायला नकार देतो. तारीख नेटवर्ककडून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. फार जुन्या फोनवर तारीख बरोबर असूनही हीच चूक दिसू शकते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या (फोनमध्ये आधीपासून असलेल्या, ज्यावरून बाकीची पडताळली जातात अशा) आधारे सर्वत्र मान्य होत होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नवे मूळ प्रमाणपत्र नव्हतेच. अशा फोनसाठी केलेली तात्पुरती सोयही २०२४ मध्ये संपली. आमच्या पथकात असे दोन फोन होते. बरेच प्रयत्न केल्यावर मी त्या दोघांना फोन बदलण्याचाच सल्ला दिला, कारण इतक्या जुन्या फोनला सुरक्षेची दुरुस्तीही मिळत नाही आणि प्रमाणपत्राची तपासणी बंद करणे हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही.

सगळ्या पथकाला एकाच मिनिटाला सूचना आली तर कोणीही आपल्या फोनची सेटिंग बदलू नये. दोष सर्व्हरकडे असतो. पहिल्या वर्षी माझ्याकडून अशी एक चूक घडली, ती इतर सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची होती आणि ३० दिवस उरले की त्याचे नूतनीकरण आपोआप होत होते. नवे प्रमाणपत्र डिस्कवर येऊन पडत होते, पण चालू असलेला सर्व्हर जुनेच वाचून बसला होता. ९० व्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या जोडण्या तुटल्या. मी सर्व्हर बंद करून चालू केला, सारे सुरळीत झाले आणि मी कारण न शोधताच सोडून दिले. बरोबर ६० दिवसांनी पुन्हा तेच झाले, कारण मी सर्व्हर चालू केला तेव्हा त्याने वाचलेले प्रमाणपत्र आधीच ३० दिवस जुने होते. ६० दिवसांचे हे अंतर कॅलेंडरवर मोजल्यावरच मला कारण उमगले. नूतनीकरणानंतर सर्व्हरला प्रमाणपत्र पुन्हा वाचायला लावणारी एक ओळ लिहिल्यापासून तो बिघाड आलेला नाही.

कारण कोणतेही असो, ॲप काढून पुन्हा टाकण्याची किंवा त्याचा डेटा पुसण्याची घाई करू नये. हा सल्ला सर्रास दिला जातो. संभाषणे टोकापासून टोकापर्यंत गुप्त ठेवणाऱ्या ॲपमध्ये किल्ल्या फोनमध्येच असतात. ॲप काढले की त्या किल्ल्या जातात, बॅकअप नसेल तर जुने निरोप कायमचे जातात, आणि वर सांगितलेल्या कारणांपैकी जवळजवळ एकही त्यामुळे दुरुस्त होत नाही. फोन एकदा बंद करून चालू करायला मात्र हरकत नाही.

काही सूचनांवर उपाय शोधू नये. घराबाहेर पडताना फोन वाय-फाय सोडून मोबाईल डेटावर जातो तेव्हा त्याचा पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी तुटणे अटळ असते. सिव्हिल कोर्टपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो जमिनीखालून जाते, तिथे मध्येच सूचना आली आणि वर आल्यावर गेली तर तेही नैसर्गिक आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर, टिळक रस्त्यावर आणि अलका चौकात इतके फोन एकाच वेळी टॉवरला झोंबत असतात की रेंजच्या सगळ्या काड्या दिसूनही निरोप पुढे सरकत नाही. त्या दिवशी सूचना दिवसभर दिसेल आणि त्यात फोनचा, ॲपचा किंवा सर्व्हरचा दोष नसेल. त्यामुळे मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक वादकाला एक छापील चिठ्ठी देतो. तिच्यावर जमण्याची जागा, वेळ, रांगेतला क्रमांक आणि चुकामूक झाल्यास परत यायचे ठिकाण लिहिलेले असते, आणि ती कुडत्याच्या वरच्या खिशात ठेवायची असते.